आजारी पडायचं तर कुठे? इंग्लंड आणि जर्मनी, दोन्ही वापरून

माझं पहिलं बाळंतपण लेस्टरला झालं, दुसरं श्टुटगार्टला. मधल्या काळात नवऱ्याचा गुडघा, पोरांचे कान आणि हिवाळ्यातला कायमचा खोकला. त्यामुळे ‘कुठली ऑफर घेऊ?’ म्हणून पुण्याहून कोणी विचारलं की मी पगाराच्या आधी दवाखान्याचं सांगते.

इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पैशाचा विषयच निघत नाही. सोनोग्राफी, डिलिव्हरी, बाळाची इंजेक्शनं, कशाचंच बिल नाही. पाकीट काढलं ते हॉस्पिटलच्या पार्किंगला. पण फुकट म्हणू नका. व्हिसाबरोबरच हेल्थ सरचार्ज आगाऊ भरावा लागतो, 2024 पासून मोठ्या माणसाला वर्षाला 1035 पौंड, आणि पगारातून कर कापतात ते वेगळंच. खरी किंमत मोजायची ती वाट बघून. तज्ज्ञाकडे पाठवल्यावर 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे. देशपातळीवर ते 2016 पासून गाठलेलं नाही. फॅमिली डॉक्टरची वेळ हवी तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसायचं. साध्या तापाला मात्र कोणाचं अडत नाही, सुपरमार्केटमध्ये पॅरासिटामॉलचं पाकीट एका पौंडाच्या आत मिळतं.

जर्मनीत हीच गोळी फक्त औषधाच्या दुकानात. रविवारी सगळं बंद, मग ड्यूटीवरचं दुकान शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला जा आणि अडीच युरो जादा मोजा. इथला विमा पगारातून जातो: 14.6 टक्के आणि वर थोडी भर, त्यातलं निम्मं कंपनी भरते. आकडा बघून पोटात गोळा येतो खरा, पण कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच विम्यात येतात. मोठ्यांना औषधामागे साधारण पाच ते दहा युरो पडतात, हॉस्पिटलात राहिलं तर दिवसाला दहा. हाडांच्या डॉक्टरकडे चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं. नवऱ्याच्या गुडघ्याचा एमआरआय इथे लवकर झाला. मात्र डॉक्टर इंग्रजी बोलले तरी काउंटरवरची बाई बोलेलच असं नाही. एका दवाखान्यात तर ‘दुभाष्या घेऊन या’ म्हणून आम्हाला परत पाठवलं. इंग्लंडमध्ये दुभाष्याची सोय तेच करतात. लेस्टरला तर आमचे डॉक्टर गुजराती होते, नवरा त्यांच्याशी निम्मं हिंदीतच बोलायचा.

बाळंतपणाचं विचाराल तर माझं मत जर्मनीला. लेस्टरला नर्स फार प्रेमळ, डिलिव्हरीनंतर आणलेला चहा-टोस्ट मी जन्मात विसरणार नाही, पण दुसऱ्या दिवशी घरी. श्टुटगार्टला तीन दिवस ठेवून घेतलं. संध्याकाळच्या जेवणाला गार ब्रेड, चीज आणि काकडी. आई डिंकाचे लाडू घेऊन पोचली तर नर्सने नुकतीच खिडकी सताड उघडलेली, बाहेर जानेवारी! बाळंतिणीला वारा लागतो हे आईने मराठीत सांगितलं, ताजी हवा हवी हे नर्सने जर्मनमध्ये. खिडकी उघडीच राहिली. पण घरी आल्यावर हेबामे, म्हणजे सुईण, सुरुवातीला जवळजवळ रोज आली. बाळाचं वजन, माझे टाके, दूध, सगळं बघायची. खर्च विम्यातून. आईचं तेल लावणंही तिने नीट बघितलं आणि लाडू मागून घेतला. फक्त टेस्ट पॉझिटिव्ह आल्या आल्या तिला गाठा, नंतर कोणी मोकळी नसते.

आणखी एक, ज्याचा ऑफर लेटर वाचताना कोणी विचार करत नाही. जर्मनीत आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार कंपनीने द्यायचा हा कायदा आहे, त्यानंतर विमावाले देतात, पण पगारापेक्षा कमी. मी शिंकत ऑफिसला गेले तर टीममधल्या बाईंनी मला घरी पिटाळलं. इंग्लंडमध्ये कायद्याने मिळतात ते आठवड्याला शंभरावर थोडे पौंड. कंपनी दिलदार असेल तर गोष्ट वेगळी.

आईवडील भेटीला येणार असतील तर दोन्हीकडे हिशेब वेगळा. जर्मनीच्या व्हिसाला किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतोच. इंग्लंडला सक्ती नाही, म्हणून लोक टाळतात, पण भरती व्हावं लागलं तर पाहुण्यांना बिल येतं आणि ते मोठं असतं. पॉलिसी घेताना जुन्या बीपी-शुगरचं काय लिहिलंय ते आधी वाचा.