स्विफ्टमध्ये साधं, 95 आणि एकदा 100 ऑक्टेन पेट्रोल टाकून बघितलं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी 2021 ची स्विफ्ट, 1.2 पेट्रोल, मॅन्युअल गिअर, साधारण 48 हजार किमी झालेत. मी कोल्हापुरात राहते आणि माहेर कणकवली, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी फोंडा घाट होतोच. सगळं सुरू झालं ते या घाटातच. येताना चौघं गाडीत, डिकीत दोन पोती नारळ, एसी चालू, आणि फोंड्यातून वर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की पुढून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा. गिअर उतरवला की बंद, परत तिसरा टाकला की परत चालू.

कोल्हापुरात एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "ताई, नॉकिंग आहे, 95 टाकत जा." मी टाकायला लागले. तीन-चार टाक्या झाल्या, घाट दोनदा झाला, आवाज जसाच्या तसा. मग मात्र मला राहवेना, लिटरमागे आठ रुपये जास्त द्यायचे तर ते कशासाठी हे तरी कळायला पाहिजे ना. तेव्हापासून वही केली. दरवेळी तोच पंप, ऑटो कट झाला की थांबायचं, वरून अजून थोडं मारू द्यायचं नाही, किलोमीटर लिहायचे. चार महिने 95, तीन महिने साधं, आणि मधे पुण्याला गेले तेव्हा एक फुल टाकी 100 ची.

आधी मला कळलेलं सांगते, कारण गैरसमज माझाही होता. मला वाटायचं ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त. तसं नाहीये. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप पेट न घेता किती तग धरतं त्याचा आकडा. स्पार्क पडल्यावर ज्वाला पसरत जायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल-हवेचं मिश्रण स्वतःहून पेटलं की तो टकटक आवाज येतो, त्यालाच नॉकिंग म्हणतात. ज्या इंजिनात दाब जास्त, टर्बो वगैरे, त्याला जास्त ऑक्टेन लागतं. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, 12 ला 1 म्हणजे तसं भरपूरच आहे, तरी मॅन्युअलमध्ये 91 किंवा त्यापुढचं चालेल असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे कंपनीने ते धरूनच इंजिन सेट केलंय.

आणि आता खरी गोष्ट. साधं पेट्रोल 91 चं होतं तेव्हा 95 ला अर्थ होता. पण आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 100 च्या वर असतं, ते मिसळलं की मिश्रणाचं ऑक्टेन वाढतं. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं की 20 टक्के मिश्रणामुळे आपलं साधं पेट्रोल आता 95 ला पोचलंय. मग मी आठ रुपये जास्त देऊन 95 च्या जागी 95 च टाकत होते! या 95 च्या प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी ॲडिटिव्ह असतात हे खरं, पण चार महिन्यांत मला तरी पिकअपमध्ये किंवा आवाजात काही फरक जाणवला नाही. आणि 95 मध्ये इथेनॉल नसतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, तेही चूक, त्यातही असतं. इथेनॉल नसलेलं हवं असेल तर 100 वालं, आणि मी टाकलं तेव्हा त्याचा भाव 160 च्या आसपास होता.

वहीतले आकडे: साधं 18.1 चं ॲव्हरेज, 95 वर 18.3, 100 वर 19.4. 95 चा फरक इतका किरकोळ आहे की ट्रॅफिकमुळेही पडू शकतो. 100 वर वाढलं ते मला वाटतं ऑक्टेनमुळे नाही, इथेनॉल नसल्यामुळे, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. माझी गाडी ई20 साठी बनलेली नाही, आणि नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच अशा जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज थोडं पडेल असं म्हटलं होतं. पण खर्च बघा, साध्याला किमीमागे 5 रुपये 80 पैसे, 95 ला 6.17, 100 ला सव्वाआठ. वर्षाला 12 हजार किमी धरले तरी 95 चे साडेचार हजार जास्त जातात, त्यात एक चांगली सर्व्हिसिंग होते.

मग आवाजाचं काय? दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले, तिथल्या काकांनी आधी स्पार्क प्लग काढले आणि हातात दिले. टोकावर पांढुरका थर, गॅप वाढलेला. मग विचारलं, "घाटात कितीच्या स्पीडला तिसरा टाकता?" मी म्हटलं चाळीस. ते म्हणाले, भरलेल्या गाडीला चढाला तिसऱ्यात चाळीस म्हणजे इंजिन दबतं, दुसऱ्यात घ्या, इंजिनाचा आवाज वाढला तर वाढू दे. प्लग बदलले, गिअरची सवय बदलली. त्यानंतर साध्या पेट्रोलवर चार वेळा तोच घाट चढले, एकदाही टकटक नाही.

आता 95 सरसकट वाया असं माझं म्हणणं नाही. दाजींची टर्बो गाडी आहे, तिच्या टाकीच्या झाकणावर आतून 95 लिहिलंय, त्यांनी ते पाळलंच पाहिजे. अशा इंजिनाला कमी ऑक्टेन मिळालं तर नॉक सेन्सर ते ओळखतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर स्पार्क थोडा उशिरा पाडतो, आवाज येत नाही पण ओढ कमी होते, आणि माणसाला वाटतं गाडीच मंद आहे. उलट आमच्या जुन्या कार्बोरेटरच्या स्कूटरला प्रीमियम घालण्यात काहीच हशील नाही.

अजून एक, परदेशातले व्हिडिओ बघून घाबरू नका. नणंद न्यू जर्सीला असते, तिच्याकडे पंपावर 87 लिहिलेलं असतं आणि मला वाटायचं तिकडे हलकं पेट्रोल देतात की काय. तिकडे मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यांचं 87 म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 91-92.

पंपावर एक मात्र सांभाळा. हायवेच्या एका पंपावर मी फोनवर होते, न विचारता प्रीमियम सुरू केलं, वर "ताई, साधं संपलंय" म्हणे, आणि शेजारच्या गाडीत साधंच चालू होतं. तेव्हापासून खाली उतरते, झिरो बघते आणि आधीच सांगते, "दादा, साधं, दोन हजारचं."

सध्या साधंच चालू आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला प्लग परत काढून बघणार आहे, त्यावर परत थर दिसला तर इथेच लिहीन.