खातं बंद करायला गेलो नि खातंच रिकामं करून बसलो

गावात कुणाचा पीकविमा भरायचा असो, ई-पीक पाहणीत फोटो चढत नसो, पीएम किसानचा हप्ता अडकलेला असो, माणसं आमच्याच ओसरीवर येतात. येईल त्याला मी बजावतो, बाबा रे, ओटीपी कुणाला सांगू नको. त्याच ओसरीवर बसून मी ८६,३९९ रुपये घालवले. म्हणूनच हे लिहायला मन धजत नव्हतं.

२०१९ ते २०२२ मी पुण्यात एका बियाण्याच्या कंपनीत होतो. तिथे साहेबांनी सगळ्यांना लिंक्डइनवर, म्हणजे नोकरीपेशाच्या लोकांच्या साइटवर, खातं काढायला लावलं. मीही काढलं, ऑफिसच्या ईमेलवर, मित्राचा टाय लावून काढलेला फोटो टाकून. पुढे बाबांना लकवा मारला आणि मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. साडेपाच एकर, कापूस आणि तूर. ते खातं डोक्यातून पार गेलं.

२०२५ च्या जानेवारीत दिग्रसकडचं एक स्थळ आलं. पोरगा शेती करतो हे मध्यस्थानं स्पष्ट सांगितलं होतं, तरी ते बघायला तयार होते. शेती करणाऱ्या पोराला इकडे मुलगी मिळणं किती जड आहे, हे ज्याच्या घरी लग्नाचा पोरगा आहे त्याला विचारा. पण मुलीच्या अमरावतीच्या मामानं मोबाईलवर माझं नाव टाकून पाहिलं, तर निघालं ‘असिस्टंट मॅनेजर, पुणे’. त्यांनी आत्याला फोन लावला, “पोरगा पुण्यात हाये का गावात? खरं काय थे सांगा.” पोरं गावात राहून पुण्याचं सांगतात. मी गावाचं सांगत होतो आणि मोबाईल पुण्याचं सांगत होता!

रागारागात ठरवलं, खातंच उडवून टाकायचं. पासवर्ड आठवेना. ‘पासवर्ड विसरलात’ दाबलं की कोड जायचा ऑफिसच्या ईमेलवर, आणि तो ईमेल कंपनीनं मी सोडल्याच्या दिवशीच बंद केलेला. दोन दिवस मी तिथंच गोल फिरत होतो. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर शोधलं, ‘लिंक्डइन कस्टमर केअर नंबर’.

मी फसलो तो इथे. पुढचं सगळं त्याच्या पोटातून निघालं. लिंक्डइनचा फोन करून तक्रार सांगायचा नंबरच नसतो, सगळी मदत साइटवरच्या फॉर्ममधून चालते. पण आपल्याला सवय असते गॅसच्या, विजेच्या, बँकेच्या नंबराची. इतकी मोठी कंपनी आहे म्हणजे फोन उचलणारा माणूस असणारच, असं मी धरून चाललो. ज्या कंपनीला नंबर नाही, तिच्या नावानं नंबर टाकून बसलेले लोक आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. मला दहा आकडी मोबाईल नंबर दिसला, खाली निळी चिन्हं, वर कंपनीचं नाव. लावला.

दुसऱ्या रिंगला उचलला. पोरगा हिंदीत बोलत होता, आवाज अगदी गोड, मागे कॉल सेंटरसारखा गलबला. “सर, दो मिनट का काम है.” त्यानं माझं नाव, जुन्या कंपनीचं नाव, पद, सगळं मी न सांगता वाचून दाखवलं. मी तिथेच विरघळलो. आता कळतं, ते सगळं माझ्याच प्रोफाईलवर उघडं पडलेलं होतं, मामांना दिसलं तसंच त्यालाही दिसलं. मग म्हणाला, नवीन डेटा कायदा आलाय, त्यामुळे माहिती खोडायला दहा रुपये शुल्क लागतं, काम झालं की परत येतात. कायदा झालाय हे खरं, २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, आणि आपली माहिती खोडायला लावण्याचा हक्कही त्यात आहे. दहा रुपयांची गोष्ट त्यात कुठेच नाही. पण मी पेपरात कायद्याचं नाव वाचलेलं होतं, म्हणून मला ते पटलं. कमी वाचलेला माणूस कदाचित वाचला असता.

त्यानं आधारकार्डाचा फोटो मागितला, दिला. एक ॲप घ्यायला लावलं, ‘व्हेरिफिकेशन’साठी. ॲप उघडल्यावर स्क्रीनवर नऊ आकडे आले, तो म्हणाला वाचा, मी वाचले. त्या आकड्यांवर माझा सगळा मोबाईल त्याच्यासमोर उघडा झाला. मी काय टाइप करतो, वरून कुठला मेसेज पडतो, सगळं त्याला दिसत होतं. मग लिंक आली. पानावर कंपनीचं चिन्ह, खाली दहा रुपये. मी डेबिट कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी त्यानं मागितलाच नाही. मागायची गरजच नव्हती.

“सर, प्रोसेसिंग चालू झाली आहे, आता मोबाईल पालथा ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागेल.”

मी मोबाईल टिनाच्या पेटीवर पालथा ठेवला. पेटी रिकामी होती, त्यामुळे मोबाईल थरथरला की ती घुर्र करून वाजायची. एकदा वाजली. थोड्या वेळानं परत वाजली. आई चुलीजवळून म्हणाली, “तुहा फोन वाजून रायला.” आणि मी, गावाला ओटीपी शिकवणारा मी, तिच्यावर खेकसलो, “हात नोको लावू त्याले.”

सरळ केला तेव्हा दोन मेसेज होते. ४९,९९९. आणि ३६,४००. फोन लावला तर स्विच ऑफ.

तो पैसा कापसाचा होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,५२१ होता. आम्ही १८ क्विंटल सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, घातला होता, ओलावा मोजून जो भाव बसला त्यानं पैसे नुकतेच आधार जोडलेल्या खात्यात जमा झाले होते. त्यातून कृषी केंद्राची उधारी आणि बाबांच्या व्यायामाचे यवतमाळचे पैसे द्यायचे होते.

त्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करून कार्ड बंद केलं, तेवढं सुचलं. आणि मग मी शेतात जाऊन धुऱ्यावर बसून राहिलो. तीन तास. कुणाला सांगू, हेच कळेना. ज्यांचे फॉर्म मी भरतो ते काय म्हणतील, एवढंच डोक्यात. पोलीस पाटलाचा पोरगा बकऱ्या शोधत आला, त्यानं तोंड बघून विचारलं, मी सांगितलं, तर तो हसला नाही. त्यानं तिथूनच १९३० लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा लागला. त्यांनी खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारली. हे सगळं बँकेच्या मेसेजमध्ये असतं, मेसेज पुसू नका. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण केली.

१९३० वर फोन गेला की पैसा ज्या खात्यात गेला त्या बँकेला तो अडवायला सांगतात. पैसा तिथून पुढे सरकायच्या आत कळवलं तरच उपयोग होतो. माझ्या तीन तासांत बराच सरकला होता. २१,५०० रुपये दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात होल्ड झाले, बाकीचे गेले. होल्ड झालेलेही असे हातात आले नाहीत, तेव्हा त्याला कोर्टाचा आदेश लागत होता. माझा अर्ज पडलेला आहे, तारखा चालू आहेत.

बँकेत सोमवारी गेलो, तर साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक पुढे केलं. माहिती ग्राहकानं स्वतःहून दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माझं सगळं नुकसान कळवण्याआधीचं होतं. वाद घालायला जागाच नव्हती. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि मोबाईल पूर्ण फॉरमॅट मारला.

आता ज्यासाठी हे रामायण झालं ते काम. त्याला एक रुपया लागला नाही. लॉगिन होत असेल तर फोटोवर टिचकी मारून सेटिंग्ज, तिथे अकाउंट प्रेफरन्सेस, खाली अकाउंट मॅनेजमेंट, त्यात क्लोज अकाउंट. कारण निवडा, पासवर्ड टाका, संपलं. नुसतं काही दिवस झाकून ठेवायचं असेल तर तिथेच हायबरनेटचा पर्याय आहे. बंद केल्यावर मन बदललं तर १४ दिवसांत परत उघडता येतं, पण लोकांनी लिहिलेल्या शिफारशी परत येत नाहीत. जुना ईमेल हाताशी नसेल, माझ्यासारखं, तर साइटच्याच मदत विभागात त्यासाठी फॉर्म आहे. ओळखपत्र दाखवावं लागतं आणि चालू असलेला दुसरा ईमेल द्यावा लागतो. मला काही दिवसांनी उत्तर आलं, आत शिरलो, आधी माझ्या माहितीची प्रत उतरवून घेतली, मग बंद केलं. ओळखपत्र तिथेही मागतात, म्हणूनच चोरानं मागितलेलं खरं वाटतं. फरक इतकाच बघायचा, की आपण साइटच्या आत आहोत की कुणाच्या व्हॉट्सॲपवर. बंद केल्यावर त्यांच्याकडची माहिती साधारण ३० दिवसांत पुसली जाते असं त्यांच्या धोरणात लिहिलंय. शोधून पाहिलं तर टायवाला फोटो मात्र आणखी काही आठवडे दिसत राहिला. तो त्या साइटचा नाही, शोध घेणाऱ्या यंत्राकडे राहिलेली जुनी सावली असते ती.

आणि नोकरी सोडताना आधी खात्याचा ईमेल बदलून स्वतःचा टाका. मी हे पुण्यातच केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. म्हणजे चोर तेवढं खरं बोलला होता.

आत्याला सगळं सांगितल्यावर तिनं एकच विचारलं, “अरे पण बंद कायले कराचं होतं? पुणं खोडून गावाचं नाव लिवलं असतं तं झालं नसतं काय?” मला आजही उत्तर सुचलेलं नाही. स्थळ तोवर दुसरीकडे जमलं होतं.

मार्चमध्ये एक फोन आला. म्हणे सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सोडवायचे आहेत, २,५०० रुपये फाईलचे भरा. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर असा फिरत राहतो. बाबा शेजारी खाटेवर होते. त्यांनी चांगला हात पुढे करून फोन मागितला. लकव्यानं जीभ जड झाली आहे, एकेक शब्द ओढून काढावा लागतो.

“आमच्याजवळ… दहा रुपये हायेत. थे… चालतीन काय?”

समोरून फोन ठेवला गेला. तो नंबर मी संचार साथीच्या चक्षूवर, म्हणजे संशयित फोन कळवायच्या सरकारी साइटवर, टाकला.