योकोतेचा कामाकुरा की ओगाचा नामाहागे?

जपानच्या अकिता प्रांतात हिवाळ्यातले दोन उत्सव विशेष प्रसिद्ध आहेत आणि त्यांचे स्वभाव परस्परांहून पुष्कळ भिन्न आहेत. योकोते येथे दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास घट्ट चोपलेल्या बर्फाचे ढिगारे आतून कोरून ‘कामाकुरा’ नावाच्या खोल्या तयार करतात. त्यांच्या मागील भिंतीत जलदेवतेचे छोटे देवघर असते आणि कोळशाच्या शेगडीभोवती बसलेली मुले येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून आमाझाके हे तांदळाचे गोड, गरम पेय आणि मोची हे भाजलेले तांदळाचे गोळे देतात. येथे यजमानपण मुलांकडे असते.

ओगा द्वीपकल्पावर मात्र मुलांची पाचावर धारण बसते. ३१ डिसेंबरच्या रात्री उग्र मुखवटे आणि गवताचे झगे घातलेले नामाहागे पाय आपटत घरात शिरतात, ‘रडकी पोरे आहेत का?’ असे ओरडतात, आणि घरधनी त्यांना साके (तांदळाची दारू) व जेवण देऊन मुलांची बाजू मांडतो. झग्यातून गळलेली काडी शुभ मानली जाते. या प्रथेचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

मात्र ही रात्र घरगुती असल्याने पाहुण्याने फेब्रुवारीत शिंझान देवळात होणारा सेदो उत्सव गाठावा. तो १९६४ पासून भरतो, मशाली घेऊन डोंगर उतरणारे नामाहागे तेथे दिसतात, पण तो बराचसा प्रेक्षकांसाठी मांडलेला आहे. एकच निवडायचा झाल्यास मी योकोते निवडेन, कारण तेथे पाहुण्याला बाहेर उभे राहावे लागत नाही.