ईपीओचं इंजेक्शन की गोळी? हिमोग्लोबिनपलीकडचं पाहून ठरवा

डायलिसिसवर असताना हिमोग्लोबिन घसरलं की दोन पर्याय समोर येतात: ईपीओचं, म्हणजे लाल रक्तपेशी बनवायला लावणाऱ्या इरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचं इंजेक्शन, किंवा शरीरालाच ते जास्त तयार करायला लावणारी डॅप्रोडुस्टॅटसारखी गोळी. हिमोग्लोबिन दोन्हींनी वाढतं. खरा फरक रक्ताबाहेर आहे.

आधी इंजेक्शन. 'यानं मेंदूचंही रक्षण होतं' असं कुणी सांगितलं, तर त्यावर निर्णय घेऊ नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलं होतं, म्हणून डॉक्टरांनी मनापासून आशा धरली. माणसांत ती फळली नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत पक्षाघाताचे ५२२ रुग्ण होते. ईपीओ दिलेल्यांपैकी १६.४ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ९ टक्के. खूप अपुऱ्या दिवसांच्या ९४१ बाळांवरच्या चाचणीतही (२०२०) मेंदूला फायदा आढळला नाही.

तोटे मात्र पक्के ठाऊक आहेत. रक्तदाब चढतो, गुठळ्यांचा धोका वाढतो. मधुमेह आणि किडनीविकार असलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या ४,०३८ जणांच्या चाचणीत हिमोग्लोबिन १३ पर्यंत नेण्यासाठी याच जातीचं डार्बेपोएटिन दिलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. तरी १९८९ पासून वापरात असल्यानं या औषधाचे गुणदोष डॉक्टरांच्या पुरते ओळखीचे आहेत, आणि माझ्या लेखी हे मोठं बळ आहे.

गोळीचं काम जास्त पसरट. ती शरीराला ऑक्सिजन कमी पडल्यासारखं भासवते. त्यामुळे ईपीओसोबत लोहाची ने-आण करणारी आणि नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी जनुकंही जागी होतात. लोह वापरात यायला याची मदत होते. पण सक्रिय कर्करोग असेल तर ही गोळी सुचवत नाहीत. गुठळ्यांचा इशारा तिच्यावरही ठळक छापलेला आहे. शिवाय पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पूर्वी अल्सर झाला असेल, तर मी इंजेक्शनच धरेन.

सुईची धास्ती असेल किंवा औषध २ ते ८ अंशांत ठेवायची सोय नसेल, तर गोळी बरी. (इंजेक्शनची कुपी हलवायचीही नसते, आतलं प्रथिन बिघडतं.) मात्र जेमफायब्रोझिल (रक्तातली चरबी कमी करणारं औषध) चालू असेल तर डॅप्रोडुस्टॅट चालत नाही, तेव्हा सगळ्या औषधांची यादी दाखवा.

काहीही निवडलं तरी रक्तदाब रोज वहीत लिहा. दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त चढलं, तर खूश होऊन गप्प बसू नका; डॉक्टरांना लगेच कळवा, डोस कमी करावा लागतो.