टुर्निकेट घेताना दांडी पिळून बघा

भोसरी एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर ग्राइंडर, कटऑफ मशीन आणि पत्र्याच्या धारदार कडा. भिंतीवरच्या प्रथमोपचार पेटीतला कापूस, पट्टी, आयोडीन खरचटण्यापुरतं ठीक. पण कटिंग व्हील फुटून मांडीत घुसलं आणि मोठी धमनी तुटली, तर १०८ची गाडी येईपर्यंतच्या काही मिनिटांतच माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून दोन टुर्निकेट मागवली, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळून बांधायचे पट्टे. एक स्वस्तातलं, बिननावाचं. दुसरं 'कॅट', सैनिक वापरतात ते. किंमत कित्येक पट जास्त.

दिसायला दोन्ही जुळी भावंडं, काळा पट्टा आणि पिळायची दांडी. मी आळीपाळीने दंडावर बांधली आणि आमच्या फिटरला मनगटाची नाडी धरून बसवलं. स्वस्तातल्याची दांडी पिळता पिळता वाकली, नाडी मात्र चालूच. हे फार धोक्याचं आहे. अर्धवट आवळलं की शिरा दाबल्या जातात, पण धमनीतून रक्त येतच राहतं आणि स्राव उलट वाढू शकतो. कॅटची दांडी तसूभर वाकली नाही, नाडी बंद. दुखतं, चांगलंच दुखतं. दुखतंय म्हणून कोणी सैल करायचं नाही, हे पोरांना बजावून सांगितलंय. जखमेपासून दोन-तीन इंच वर, धडाच्या बाजूला बांधायचं, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ पट्टीवर लिहायची. सोडायचं ते डॉक्टरांनीच.

कॅटमध्ये एकच खटकलं. दांडी फिरवण्याआधी पट्टा कचकचून ओढला नाही, तर नुसतं पिळून काम होत नाही. सोबतची माहिती इंग्रजीत होती, म्हणून मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पेटीच्या झाकणावर चिकटवली.

जांघेत, काखेत टुर्निकेट बसत नाही. तिथे जखमेत कापड ठासून दोन्ही हातांनी जोर लावून दाबून धरायचं. त्यासाठी ॲक्झिओस्टॅट नावाचं ड्रेसिंग घेतलं, भारतीय बनावटीचं, कायटोसॅन या रक्तस्राव थांबवणाऱ्या पदार्थाचं. ते नसेल तर स्वच्छ सुती कापडही चालतं. महत्त्वाचा आहे तो दाब. सारखं उचलून "थांबलं का" बघायचं नाही. हळद, कॉफी पावडर तर अजिबात भरू नका. आमच्याकडे अजून कोणीतरी हळदीचा डबा घेऊन धावतंच.

सरावाला वेगळं टुर्निकेट ठेवा, खऱ्या वापराचं सीलबंदच राहू द्या.

कॅटला पाचपैकी साडेचार. स्वस्तातल्याला शून्य. चुकून कोणाच्या हाती लागू नये म्हणून ते कात्रीने कापून टाकलं.