सज्जनगड की गोंदवले?

दोन दिवस निवांत नामस्मरणाला जायचं, तर सातारा जिल्ह्यात ही दोन्ही ठिकाणं आहेत. सज्जनगड शहराजवळ, पण पायऱ्या चढाव्या लागतात. पहाटे गडावर वारा इतका, की शाल दोन्ही हातांनी धरावी लागते. समर्थ रामदासांनी १६८२ मध्ये इथंच देह ठेवला. राममंदिराखालच्या समाधीपाशी उतरलं की तो वारा ऐकूच येत नाही. एकांत हवा असेल तर गडच!

गोंदवले माण तालुक्यात, दुष्काळी मुलखात. ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) तिथं त्रयोदशाक्षरी रामनाम (‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा जप) आणि अन्नदान रुजवलं. पंगतीला बसल्यावर कुणी परकं राहत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी आधी गोंदवल्याला जावं. आईच्या गुडघ्यांमुळे आम्हीही तिकडंच जातो, माझा ओढा मात्र गडाकडे.