पोस्टग्रेसला एसएसएल लावून नऊ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या ऑफिसात मी त्यांच्या कॉम्प्युटरवर वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्राम) लावून बसलो होतो. प्रोग्राम हळू चालतो अशी तक्रार होती, तिचं कारण शोधायचं होतं. शेजारच्या टेबलावर शेतकऱ्यांच्या नोंदणीचं काम चालू होतं. हळूपणाचं कारण सापडायच्या आधी मला दुसरंच काही दिसलं. एकेक पॅकेट सरकत होतं आणि त्यात सरळ वाचता येईल अशा अक्षरांत शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी कोड, सगळं होतं. लॉगिनचा पासवर्ड तेवढा दिसत नव्हता, कारण पोस्टग्रेसच्या स्क्रॅम नावाच्या लॉगिन पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. म्हणजे किल्ली जपलेली, पण घर उघडं.

त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. ज्या माणसाने विश्वासाने आपलं पासबुक पुढे केलं, त्याचा आकडा मी चार वर्षं उघड्यावरून नेत होतो.

माझं अंबडला दोघांचं छोटं ऑफिस आहे. चार पॅकहाउस आणि लासलगावचे एक कांदा व्यापारी आमचा हिशेबाचा प्रोग्राम वापरतात. प्रत्येक ठिकाणचा विंडोजवरचा प्रोग्राम भाड्याच्या एका सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस १६ या डेटाबेसला थेट जोडला जातो. डेटाबेस डॉकरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका वेगळ्या बंदिस्त डब्यात चालतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण उबुंटू लिनक्सच्या पॅकेजमधून पोस्टग्रेस बसवलं तर एसएसएल (तारेवरचा मजकूर गुप्त करायची सोय) चालू असतं, सोबत ‘स्नेकऑइल’ नावाचं एक कामचलाऊ सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, तेही मिळतं. डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये (तयार साच्यात) एसएसएल बंद असतं. मी घरच्या लॅपटॉपवर उबुंटूचं पाहिलं होतं आणि सर्व्हरवरही तसंच असेल असं धरून चाललो होतो.

चालू करणं अर्ध्या तासाचं काम. ‘एसएसएल’ची सेटिंग ऑन करायची, सर्टिफिकेट आणि की (त्याची गुप्त किल्ली) या दोन फाइलींचा पत्ता द्यायचा. अडकलो ते एकाच जागी: की फाइलीची परवानगी. पोस्टग्रेस याबाबतीत फार कडक आहे. डेटाबेसच्या युजरकडे मालकी असेल तर परवानगी ०६०० (फक्त मालकालाच वाचता येईल अशी) हवी, रूटकडे (सर्व्हरच्या मुख्य युजरकडे) असेल तर ०६४० (गटालाही वाचता येईल अशी) पर्यंत चालते, त्याहून सैल दिसली की सर्व्हर सुरूच होत नाही. डॉकरच्या नेहमीच्या इमेजमध्ये तो युजर ९९९ नंबरचा असतो, म्हणून बाहेरून फाइल देताना मालकी त्याच नंबरच्या नावे करावी लागते. हा कडकपणा मला आवडला. की सगळ्यांना वाचता येत असेल तर सर्टिफिकेट लावून उपयोग काय?

पुढची पायरी मी घाईने केली नाही आणि तोच सल्ला देईन. पीजी_स्टॅट_एसएसएल नावाचा एक व्ह्यू आहे, त्यात आत्ता जोडलेलं प्रत्येक कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे का, टीएलएसची (एसएसएलचंच आजचं रूप) कोणती आवृत्ती, कोणता सायफर (गुप्त करायची रीत), हे दिसतं. पंधरा दिवस मी रोज सकाळी चहा घेताना तो बघायचो. बहुतेक ठिकाणं आपोआप ‘ट्रू’ झाली होती, कारण पोस्टग्रेसच्या क्लायंट (म्हणजे जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) लायब्ररीत मुळातच ‘प्रिफर’ असतं, समोर एसएसएल मिळालं की ती घेते. एक ओळ मात्र रोज ‘फॉल्स’. शोधल्यावर निघाला रिपोर्टचा एक जुना प्रोग्राम, त्यात ‘डिसेबल’ असं स्पष्ट लिहिलेलं. तो बदलला आणि मगच पीजी_एचबीए फाइलीत (कोणाला आत घ्यायचं ते इथे लिहितात) ‘होस्ट’च्या जागी ‘होस्टएसएसएल’, म्हणजे फक्त एसएसएलवालेच आत, असं केलं. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ अंतिम ठरते. खाली कितीही छान ‘होस्टएसएसएल’ लिहा, वर एक जुनी मोकळी ‘होस्ट’ ओळ राहिली तर साधं कनेक्शन आत येतच राहणार. माझ्याकडे अशी एक ओळ होती.

इथवर एन्क्रिप्शन झालं. इथेच थांबणारे खूप आहेत, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल.

‘प्रिफर’ आणि ‘रिक्वायर’ ही दोन्ही नावं ऐकायला भक्कम वाटतात. प्रत्यक्षात पोस्टग्रेसमध्ये क्लायंट आधी विचारतो, एसएसएल आहे का? सर्व्हर एका अक्षराने उत्तर देतो, ‘एस’ किंवा ‘एन’. मध्ये बसलेल्या कोणी ‘एन’ म्हटलं तर ‘प्रिफर’वाला क्लायंट निमूटपणे साध्या भाषेत बोलायला लागतो. ‘रिक्वायर’ तसं करू देत नाही, पण समोरचा कोण आहे हे तोही बघत नाही. माझा यावर विश्वास बसत नव्हता म्हणून मी करून पाहिलं. ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर रिकामा पोस्टग्रेस बसवला, त्याला घरी बनवलेलं सर्टिफिकेट दिलं, पासवर्ड न विचारता आत घ्यायला सांगितलं आणि माझ्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलीत आमच्या सर्व्हरच्या नावापुढे या मशीनचा आयपी लिहिला. ‘रिक्वायर’ ठेवून प्रोग्राम उघडला. काही तक्रार न करता तो उघडला, यादी तेवढी रिकामी. मुनीमजींनी अशा वेळी नवी नोंद करायला घेतली असती तर ती सरळ त्या परक्या मशीनवर गेली असती. ‘व्हेरिफाय-फुल’ (सर्टिफिकेटवरची सही आणि नाव दोन्ही तपासणारं) केल्यावर तोच प्रोग्राम दारातच थांबला.

म्हणून आमच्या सगळ्या ठिकाणी ‘व्हेरिफाय-फुल’ आहे. ‘व्हेरिफाय-सीए’ (फक्त सही तपासणारं) नाही, कारण माझं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं आहे आणि तिथून कोणालाही आपल्या डोमेनसाठी फुकट सर्टिफिकेट मिळतं. सही कोणाची एवढंच बघून भागत नाही, नावही जुळलं पाहिजे. यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमधला आयपी काढून डोमेनचं नाव टाकावं लागलं. पिंपळगाव, ओझर, निफाड, लासलगाव असा एक पूर्ण दिवस गाडीवर गेला.

त्यात रूट सर्टिफिकेटने (सही करणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट, त्यावरून क्लायंट सही तपासतो) एक धडा दिला. विंडोजवर लायब्ररी ती फाइल युजरच्या ॲपडेटामधल्या पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरात शोधते. मी दिवसपाळीच्या लॉगिनमध्ये ठेवून आलो. रात्रपाळीचा मुलगा त्याच कॉम्प्युटरवर स्वतःच्या लॉगिनने आला आणि त्याला रूट फाइल सापडत नाही असा निरोप. आता मी ती प्रोग्रामडेटा या सगळ्या लॉगिनना सामाईक फोल्डरात ठेवतो आणि कनेक्शनमध्ये पूर्ण पत्ता लिहितो. फाइल आहे लेट्स एन्क्रिप्टच्या आयएसआरजी रूट एक्स१ ची, तिची मुदत २०३५ पर्यंत आहे. सर्व्हरवर मात्र फुलचेन फाइल (आपलं आणि मधलं सर्टिफिकेट एकत्र) द्या. नुसतं आपलं सर्टिफिकेट दिलं तर मधली कडी क्लायंटकडे नसते आणि साखळी जुळत नाही.

आता फेब्रुवारीची गोष्ट. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट नावाचा प्रोग्राम ते ३० दिवस उरले की नवं करतो. सर्व्हरवर ८० नंबरचा पोर्ट उघडायचा नव्हता म्हणून डोमेन आपलंच आहे हे पटवायला मी डीएनएसची (डोमेनच्या नोंदींची) पद्धत लावली होती. नवं सर्टिफिकेट आलं की एक छोटी स्क्रिप्ट फाइली कॉपी करते, मालकी बदलते आणि डेटाबेसला रीलोड (फाइली नव्याने वाच) सांगते. आवृत्ती १० पासून पोस्टग्रेसला यासाठी रीस्टार्ट लागत नाही. स्क्रिप्ट मी हाताने चालवून पाहिली होती, व्यवस्थित चालली होती.

१२ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता फोन. ऐन हंगाम.

“भाऊ, प्रोग्राम उघडंना. कंटेनर लागलाय, पॅकिंग लिस्ट निघत नाही.”

पाठोपाठ दुसऱ्या पॅकहाउसचा. सर्व्हरवर गेलो तर फोल्डरातलं सर्टिफिकेट नवं कोरं, एप्रिलपर्यंतचं. बराच वेळ काही कळेना. मग ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने (बाहेरून सर्टिफिकेट तपासायचं साधन) सर्व्हरलाच विचारलं, ‘स्टार्टटीएलएस पोस्टग्रेस’ असा पर्याय देऊन. उत्तर आलं, कोड १०, मुदत संपली. सर्व्हर अजून नोव्हेंबरचंच सर्टिफिकेट दाखवत होता. जानेवारीत फाइली बदलल्या होत्या, पण स्क्रिप्टमध्ये ‘डॉकर एक्झेक’पुढे (डब्यात आज्ञा चालवायची ओळ) मी ‘आयटी’, म्हणजे समोर टर्मिनल हवं, असं लिहिलं होतं. हाताने चालवताना समोर टर्मिनल असतं म्हणून ते चाललं. टायमरने (ठरल्या वेळी आपोआप) चालवताना टर्मिनल नसतं, त्यामुळे रीलोडची ओळ तिथेच पडली. सर्टबॉटच्या दृष्टीने सर्टिफिकेट नवं झालेलं होतं, त्यामुळे त्याने ती स्क्रिप्ट पुन्हा चालवली नाही. डेटाबेस जुनंच मेमरीत धरून बसला, बरोबर मुदत संपेपर्यंत. रीलोड केल्यावर काही सेकंदांत सगळं सुरू झालं. पण तोपर्यंत पावणेदोन तास कंटेनर दारात उभा होता, आणि कोल्ड रूममधला माल बाहेर काढावा की नाही या विचारात तिथली पोरं ताटकळली होती. मी दोन्ही मालकांना भेटून माफी मागितली.

तेव्हापासून मी फाइलीची तारीख तपासत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून रोज सकाळी सहाला एक स्क्रिप्ट क्लायंटसारखी सर्व्हरकडे जाते आणि तो प्रत्यक्ष जे सर्टिफिकेट पुढे करतो त्याला अजून १४ दिवस आहेत का ते बघते. नसतील तर मोबाइलवर निरोप. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीच्या ई-मेल आठवणी जून २०२५ मध्ये बंद केल्या. त्या चालू असत्या तरी माझ्या बाबतीत आल्या नसत्या, कारण त्यांच्याकडे नूतनीकरण झालेलं होतं.

दुसरी अडचण जूनमध्ये, पहिल्या वादळी पावसानंतर. लासलगावला रात्रभर वीज नव्हती. सकाळी तिथले कांदा व्यापारी नाना यांच्या कॉम्प्युटरवर ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’. बाकी सगळीकडे सुरळीत. हा निरोप फार तोकडा आहे: मुदत संपली तरी हेच, साखळी तुटली तरी हेच. मी अर्धा तास त्यांना रूट फाइल शोधायला लावली. मग सुचलं.

“नाना, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?”

“एक जानेवारी.”

“आणि साल?”

“दोन हजार पंधरा.”

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेला होता. त्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने आमचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं, एस-क्लायंटच्या भाषेत कोड ९. घड्याळ दुरुस्त केलं, पुढच्या फेरीत सेल बदलला.

वेगाबद्दल विचाराल तर रोजच्या कामात फरक जाणवत नाही, पण प्रत्येक नवं कनेक्शन जुळायला मोबाइल इंटरनेटवर थोडा उशीर होतो. आमचा प्रोग्राम दर बिलाला नवं कनेक्शन उघडायचा, तेच त्या मूळ हळूपणाचं कारण निघालं. आता तो एकच कनेक्शन धरून ठेवतो. आवृत्ती १७ मध्ये ती ‘एस’-‘एन’ची विचारणा टाळून थेट टीएलएस सुरू करायची सोय आली आहे, ती मी अजून वापरलेली नाही.

क्लायंट सर्टिफिकेट (जोडणाऱ्याचं ओळखपत्र) मी फक्त दोन लॉगिनना लावलंय, माझं ॲडमिनचं आणि रात्रीच्या बॅकअपचं. पासवर्ड आहेच, वर सर्टिफिकेटातलं नाव युजरच्या नावाशी जुळलं पाहिजे. पॅकहाउसच्या लॉगिनना नाही लावलं. तिथे हंगामात माणसं बदलतात, मशीन बदलतात, आणि प्रत्येकाचं सर्टिफिकेट काढणं, रद्द करणं दोघांच्या ऑफिसला झेपणारं नाही. लावलंच असतं तर सर्व्हर सर्टिफिकेटच्या दुप्पट वेळ त्यातच गेला असता.

सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत आता कमी होत चालली आहे. १५ मार्च २०२९ पासून ती जास्तीत जास्त ४७ दिवस असेल. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांनी आत्ताच स्क्रिप्टकडे वळावं आणि ती टायमरवरून एकदा चालवून, मग सर्व्हर काय दाखवतो ते बाहेरून बघावं.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी दिंडोरीकडची दोन पॅकहाउस जोडायची आहेत. तिथली कॉम्प्युटर जुनी आहेत. जाताना पेनड्राइव्हमध्ये रूटची फाइल नेईन आणि खिशात चार सेल.